गौरीचा खाडा

माझी थोरली जाऊ न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन नीट झालं, पण तिला उठवाय-बसवायला दोन माणसं लागायला लागली. घरात आम्ही दोघीच विधवा, आणि माझे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. शेवटी मीच तोंड उघडलं. लोधिवलीच्या अलीकडं म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं एक केंद्र होतं, तिथं बघू म्हटलं.

जाऊ म्हणाली, "जाते. पण गौरीला मला घरी आणायचं. गौरीचा नैवेद्य माझ्याच हातचा. नायतर सांग, हितंच मरते."

"मरायच्या गोष्टी करू नका, बाई. आणीन म्हणजे आणीन!"

खोपोलीत कारखान्याच्या पोरांसाठी मी आयुष्यभर खानावळ चालवली, आणि तिथल्या भाकऱ्या हिनं थापल्या. दर कसा बांधतात हे मला कुणी शिकवायला नको. केंद्राचा व्यवस्थापक गोड बोलणारा तरुण होता. त्यानं महिन्याचा आकडा सांगितला तेव्हा मी म्हटलं, "आकडा राहू द्या, दादा. ताटात काय काय येतं ते सांगा."

हळूहळू ताटावरचं झाकण निघालं. खोली, जेवण आणि दिवसाची आया एवढंच आत. डायपर वेगळे, औषधं वेगळी, रात्रीची आया वेगळी, व्यायाम घेणारी बाई वेगळी. वर अनामत, आणि दरवर्षी दर वाढणार तो निराळाच. अरे बाबा, ताटाचा भाव सांगायचा आणि मग कांद्याचेही पैसे मागायचे! पण ओरडले नाय. एकेक विचारत गेले, नको ते काढत गेले. औषधं मी आणून देईन, रात्रीची आया शेजारच्या आजींबरोबर निम्मी-निम्मी. खानावळीचा गाळा भाड्यानं दिलाय, त्या भाड्यात जेमतेम बसत होतं.

मग विचारलं, "खाडा कसा धरता?"

त्याला कळेना. खानावळीत महिन्याचा मेंबर गावाला गेला की तेवढ्या दिवसांचं जेवण बिलातून वजा करतात, त्याला खाडा म्हणतात, असं मी समजावलं.

"तसं काही नाही, काकू. घरी नेलं तरी पैसे पूर्ण महिन्याचे."

माझं डोकंच फिरलं. गौरीला हिला आणायचं तर घरी आया लावावी लागणार. इथं पण भरा, तिथं पण भरा, एवढी माझी ऐपत नव्हती. खाडा नाय तर तिची गौर नाय. म्हणजे मी तिला थाप मारून टाकून आले असंच झालं असतं.

"खोलीचं भाडं घ्या, खोली अडकते, कबूल," मी म्हटलं. "पण जे माणूस जेवलंच नाय त्याच्या जेवणाचे पैसे? जिला उचललंच नाय तिच्या आयेचे? माझ्या खानावळीतल्या पोरांनी मला ताट फेकून मारलं असतं!"

आवाज खानावळीतलाच, शेजारच्या जेवणघरात पोचला. आतून एक आजोबा काठी आपटत ओरडले, "आमचाही खाडा धरा! इथले पैसे फुकट जातात म्हणून मुलगा मला घरी नेत नाही!" मग दोघी-तिघी आजीही बोलायला लागल्या. व्यवस्थापक फोन घेऊन बाहेर गेला. मी खुर्चीवरून हलले नाय. तसं गुडघ्यांनी हलूही दिलं नसतं.

तो परत आला तो हसतच. खोलीचं भाडं पूर्ण, जेवण आणि आया वजा, फक्त दोन दिवस आधी सांगायचं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना, काकू."

लेखी घेतलं, मगच अनामत दिली.

गौरीला जाऊ रिक्षातून पाटलिणीच्या थाटात उतरली. वाचलेल्या पैशात आया आली होती. मांडीवर परात घेऊन हिनं घारगे थापले, माझ्या भाजीला नावं ठेवली आणि नैवेद्य दाखवताना घळाघळा रडली. मीही रडले. जिंकल्याच्या आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू!

गौर गेल्यावर मी तिला परत सोडायला निघाले. आता ही दारातच माझा हात धरून बसणार, असं वाटत होतं. केंद्राचं जेवणघर अर्धं रिकामं होतं. काठीवाले आजोबासुद्धा लेकाकडं गेले होते. जाऊ चाकाच्या खुर्चीतून ऐटीत आत शिरली आणि समोर आलेल्या आयेला म्हणाली, "आले गं. दिवाळीचा माझा खाडा आत्ताच लिहून ठेव."