पाठमोरे कदमभाऊ

कदमभाऊ पहिल्यांदा आमच्या घरात शिरले ते आडवे, खेकड्यासारखे. मला नमस्कार नाही, चहाला होकार नाही. दिवाणापासून चार हातांवर, दिवाणाकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि तासभर समोरचं कॅलेंडर वाचत राहिले. त्यांना बोलावलं होतं दिवाणाखालच्या ठिपकीसाठी.

ठिपकी म्हणजे आमच्या लेकीने, सईने हायवेच्या कडेवरून उचलून आणलेली कुत्री. सई नोकरीला पुण्याला गेली, कुत्री आमच्या गळ्यात घालून. कुणीतरी तिला फार मारलं असावं. केरसुणी हलली तरी ती जागच्या जागी मुतायची. आमच्या घरच्या सरकारने, म्हणजे मंगलने, निकाल दिला, "गणपतीला मुंबईची वीस माणसं येणार. तोवर ही माणसांत आली तर ठीक, नाहीतर देवरूखचे भाऊजी बागेत राखणीला न्यायला तयार आहेत." राखणीला म्हणजे जन्मभर साखळीला. सईला काय तोंड दाखवणार, या विचाराने माझा पाय बसल्याजागी हलत राही.

"पाय थांबवा आदी," भिंतीकडे बघतच कदमभाऊ म्हणाले. "तुमीच घाबरलात तर तिनं कुणाकडं बगायचं?" पंचवीस वर्षं वर्गात 'हलू नका रे' ओरडणारा मी, मुकाट पाय आवरला.

ते वीजखात्यातले निवृत्त वायरमन. भेदरलेली कुत्री माणसात आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. "आज गप होती, भीती गेली वाटतं," मी म्हटलं की म्हणायचे, "लाइन बंद हाय असं कोण बोललं तरी वायर चालूच समजायची. गप म्हणजे शांत नाय ओ." रोज पाठमोरे बसून हात मागे न्यायचे आणि सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवायचे, दर दिवशी वीतभर अलीकडे. हाक नाही, ओढणं नाही, नजरेला नजर नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी वाकून बघायचो. "मास्तर, सारखं झाकण काढलंत तर भात कच्चाच ऱ्हाणार!"

अठराव्या दिवशी, कदमभाऊ घरी गेल्यावर, ठिपकी चक्क उंबऱ्यापर्यंत आली. आई म्हणाली, "नजर लागेल हो तिला." मी उत्साहाने मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि तिच्या डोक्यावरून मूठ ओवाळली. तिला दृष्ट काय कळणार! तिला दिसली ती उगारलेली मूठ. केकाटत ती दिवाणाखाली गेली, ती दोन दिवस पाण्यालाही बाहेर आली नाही.

"फ्यूज उडला म्हणून कोण घर पाडतं काय?" कदमभाऊ एवढंच म्हणाले. "परत पयल्यापासून." आणि बांगड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "आता तुमी बसायचं. माजी सवय लागली तर मी गेल्यावर ती परत पोरकी."

"अहो, गणपतीला अकरा दिवस राहिलेत!"

"ते तुमाला. तिला काय त्याचं?"

गेले ते पुन्हा आले नाहीत. फोन केला की विचारत, "बसलात काय?"

बसलो. पाठीला डोळे फुटावेत असं वाटे. कंबर धरे, पायाला मुंग्या येत. तुकडा कधी ठिपकी खाई, कधी शेजारचं मांजर.

गणपतीच्या आदल्या दिवशी अंगणात भाऊजींचा टेम्पो थांबला. मी तसाच पाठमोरा. टेम्पोचं दार धाडकन आपटलं. एरवी अशा आवाजाला ठिपकी आणखी आत, भिंतीला चिकटायची. त्या दिवशी माझ्या पाठीला काहीतरी उबदार, थरथरतं येऊन टेकलं. स्वयंपाकघराच्या दारातून मंगल आमच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग हात पुसत बाहेर गेली. "भाऊजी, चहा घेऊन जा. कुत्री काही द्यायची नाही आता."

मी अंग न हलवता कसाबसा खिशातून फोन काढला. "कदमभाऊ, ती अजून थरथरतेय हो."

"थरथरू दे की. कुठं येऊन थरथरतेय, ते बगा ना, मास्तर!"

बघायचं तर मान वळवावी लागली असती. मी वळवली नाही.