शील्डसाठी ठोकलेला खिळा

एकही शील्ड न जिंकता अख्ख्या परभणी जिल्ह्यात गाजलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्याच बहिणीच्या नशिबी आला होता. आमचे दाजी गंगाखेडला तहसील कचेरीत कारकून होते, पण ते पगारापुरते. एरवी ते एका फुटबॉल क्लबाचे संस्थापक, चिटणीस आणि खेळाडू कमी पडला तर बॅक. सत्तरच्या दशकात आमच्याकडे शील्ड जिंकणारे क्लब बरेच होते; त्यांची नावं आज त्यांच्या गावातही कुणाला सांगता यायची नाहीत. पण स्पर्धा बोरीला असो की चारठाण्याला, पहिलं आमंत्रण दाजींना, कारण दाजींचा क्लब आला की गर्दी येई.

गर्दी का येई म्हणाल, तर एक म्हणजे गणवेश. अक्का अकरा पांढऱ्या बनियनी घरच्या हळदीत बुडवून रंगवी. अर्ध्या तासात घामानं रंग सुटे आणि अकराच्या अकरा जण हळद लागलेल्या नवरदेवांसारखे पिवळेधमक होऊन पळत सुटत. दुसरं म्हणजे झेंडूची माळ. दाजी सामन्याआधीच बाजारातून एक जाडजूड माळ आणत आणि हरल्यावर जिंकलेल्या कप्तानाच्या गळ्यात स्वतः घालत. मी एकदा म्हटलं, "दाजी, निदान आधीपासून तरी आणू नका!" तर म्हणाले, "अरं, सांजच्याला ताजी फुलं मिळत्यात व्हय? आन हरायचं तर असं हरावं, की जिंकणाऱ्याला वाईट वाटलं पायजे!"

म्हणून त्यांना शील्डची हौस नव्हती असं समजू नका. लग्नाच्या साली त्यांनी बैठकीच्या भिंतीत शील्डसाठी म्हणून एक खिळा ठोकला होता. अक्का दर दसऱ्याला तो पुसायची. मी एकदा त्यावर छत्री अडकवली, तर दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी त्यांचा क्लब परभणीच्या मैदानावर चक्क अंतिम सामन्यात पोचला. पुढच्या वर्षी क्लब पोरांच्या हवाली करायचा होता, म्हणजे खिळ्यासाठी हा शेवटचा मोका. समोर जिंतूरचा दांडगा संघ. आणि पहिल्याच अर्ध्या तासात आमचा गोल झाला! मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना कडकडून मिठी मारली. पाच मिनिटं उरली तरी आम्ही पुढेच! लोक उभे राहून ओरडत होते, आणि दाजी मात्र माळ घेऊन सैरभैर. आज माळ घालायची कुणाला, हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच पडला होता. आमचा कप्तान गोलकीपर होता. दाजींना राहवेना. ते गोलपोस्टामागे गेले आणि ओरडले, "कप्तान, मान वाकव रं, माळ घालतो!"

दाजींचा शब्द त्या पोरानं कधी मोडला नव्हता. तो वळला, आदबीनं वाकला, आणि त्याच क्षणी चेंडू जाळ्यात गेला.

जादा वेळेत जिंतूरनं दुसरा गोल केला. दाजी सावकाश चालत गेले आणि त्यांनी तीच माळ जिंतूरच्या कप्तानाच्या गळ्यात घातली. लोकांनी खांद्यावर घेतलं ते जिंकलेल्यांना नाही, दाजींना. घरी आल्यावर मात्र ते अक्काला एवढंच म्हणाले, "त्यो खिळा काढून टाक आता."

अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला काय जड व्हायलाय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जिंतूरचा तो कप्तान एस.टी.नं दारात हजर. त्यानं पिशवीतून माळ काढली. "दाजी, शील्ड क्लबाची हाय, ती मला देता येत न्हाई. पर ही माळ तुमच्या पोरासाठी उचलली व्हती तुमी. रातभर झोप लागली न्हाई मला."

अक्कानं पुढे होऊन माळ घेतली आणि खिळ्याला अडकवली.

आता दाजी नाहीत. फुलांचाही केव्हाच भुगा झाला. अक्का अजून दसऱ्याला तो खिळा पुसते, माळेचा उरलेला दोरा हलक्या हातानं बाजूला धरून.