तिसरीच्या वर्गातल्या कुंड्या

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेत शिपाई. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, कुलपं लावायची. घरात मात्र त्यांची ख्याती वेगळीच होती: कशालाच न येणारी बाई. माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा बाईसाहेब मधल्या सुट्टीत तोंड दाखवून गेल्या! शाळा काय पळून जाणार आहे का, असं मी त्यांना ढीगभर वेळा सुनावलं असेल. त्या हसायच्या आणि पिशवी उचलून चालू लागायच्या.

ती शाळा महायुद्ध संपल्यावरच्या घाईतली. तेव्हा मुलं भरमसाट आणि सिमेंटचा दुष्काळ. पण दिसायला देखणी, हे नाकारून कसं चालेल? भिंतभर काचा, सपाट छप्पर, सभागृहाकडे झोकात वळत जाणारा जिना. पाडायचं ठरलं तशी वारसा समिती धावून आली. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की या इमारतीवर जीव टाकणारी एक बाई आहे, कधी रजा म्हणून घेत नाही. झालं! जाऊबाईंचे फोटो काय, मुलाखती काय. मी म्हटलं, चला, माझ्या लेकीचं लग्न बुडवल्याचं कुठेतरी चीज झालं.

त्याच धामधुमीत एक दिवस मी डबा द्यायला गेले होते. समितीतली आर्किटेक्ट मुलगी तिसरीच्या वर्गात हरखून उभी होती. बाकं सगळी दाराकडे दाटीवाटीने, खिडकीकडचा भाग मोकळा आणि तिथे मोठाल्या कुंड्या. बाग थेट वर्गात आणायची, केवढी ही मूळ रचनाकाराची दृष्टी, असं ती बरोबरच्यांना समजावत होती. जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुंड्या मी ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "त्या तुळईखाली पोरं बसू नयेत म्हणून."

मग सगळंच बाहेर आलं. तुळईला भेग दिसली तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी ती बुजवून रंग मारला. भेग परत आली. पुढच्या मुख्याध्यापकांनीही रंगच मारला. त्यानंतरचे म्हणाले, बाई, तुम्ही झाडायचं बघा. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. मग जाऊबाईंनी पोरांना हलणार नाहीत अशा कुंड्या आणून ठेवल्या, आणि त्या रोज सकाळी बाकं दाराकडे ओढायला लागल्या. एकदा तापाने पडून होत्या, तर कुणीतरी कुंड्या सरकवून मुलांना नेमकं तिथेच चित्रं काढायला बसवलं. त्यानंतर त्यांनी रजा घेतली नाही.

मी त्यांच्यावरच उखडले. मला का नाही बोललात?

"तू गावभर केलं असतंस. शाळा बंद पडली असती. मग पोरं गेली असती कुठे?"

गावभर केलंच असतं मी.

ती आर्किटेक्ट मात्र शहाणी निघाली. वाद न घालता शिडी लावून वर चढली, तुळईवर ठोकून पाहिलं, तर पोपडे हातात आले. त्याच दिवशी वर्गांच्या बाजूला टाळं लागलं. सभागृह आणि जिना ठणठणीत निघाले, ते राखायचे म्हणून तिने पुढे जंग जंग पछाडलं आणि राखलेही.

वर्ग पाडायच्या दिवशी लोक जाऊबाईंचं सांत्वन करायला रांगेने येत होते. कुणी पाठीवरून हात फिरवी, कुणी रुमाल पुढे करी. यंत्राचा दात छपराला नुसता टेकला आणि तिसरीच्या वर्गावरचं छप्पर तुळईसकट धाडकन खाली आलं. जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आत कुणी नव्हतं ना गं?"

कुलूप त्यांनीच लावलेलं, किल्ली त्यांच्याच हातात.

"कुणी नव्हतं, जाऊबाई," मी म्हटलं. "कधीच कुणी नव्हतं. तुम्ही बसूच दिलं नाहीत."

तशा त्या रस्त्याच्या कडेलाच बसल्या आणि पोटभर रडल्या. लोकांना वाटलं, शाळा गेल्याचं दुःख. मी त्यांना पाणी दिलं आणि रडू दिलं.