वजनावर घेतलेली बॅटरी

बायकोच्या फुप्फुसांचा आजार बळावला तेव्हा तिनं एकच हट्ट धरला, आठ दिवस माहेरी राहायचं. माहेर घनसावंगीच्या पुढं, गोदावरीकाठी. मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, आमच्याकडं लाइट कुठं टिकून राह्यली? तिचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं मंग?" सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्यानं लाइट पुढं केली. ते मी अजून विसरलेलो नाही.

रागातच एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढून पलंग, ओटा, पंखा, दिवे बसवले. घरच नेऊन उभं करतो तुझ्या दारात, तुझी लाइट तुझ्यापाशीच ठेव! यंत्र बारा व्होल्टवर चालायचं. पलंगाखाली दोन बॅटऱ्या ठेवल्या की काम भागणार होतं.

मी जालन्यात भंगारावर उभा राहिलेला माणूस. हातगाडीपासून सुरुवात करून एमआयडीसीतल्या मिलांना माल देण्यापर्यंत आलो. आमच्यात बॅटरी उचलून पारखतात. जड म्हणजे शिसं भरपूर, म्हणजे चांगली. तशाच दोन जुन्या, जड बॅटऱ्या मी घासाघीस करून आणल्या. वायरचंही तेच. वायरिंगच्या मिस्त्रीनं जाड केबल मागितली. जन्मभर तांबं सोलून विकलेलं, ते एवढं तांबं प्लायवूडमागं कायमचं गाडायचं, हे मला सहन होईना. मी अर्ध्या जाडीची दिली.

"शेठ, वायर गरम होईल. करंट पुरा पोचायचा न्हाई."

"तू मला तांबं शिकवतो का रे?"

त्यानं तीच वायर ओढायला घेतली.

रोज सकाळी मी बॅटरीतलं पाणी बघायचो, टर्मिनलवरची हिरवट पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावायचो. मीटर साडेबारा दाखवायचा. बिलकुल बराबर. यंत्र जोडून दोन तास चालवून बघावं, हे एकदाही सुचलं नाही. भंगारात कुणी वस्तू चालवून बघत नाही.

वाटेत इंजिन बॅटऱ्या चार्ज करत होतं, म्हणून यंत्र छान चाललं. बायको खिडकीतून ऊस बघत होती. दुपारी माहेरच्या अंगणात गाडी लावली, इंजिन बंद केलं. तिच्या भावजयीनं ताट आणून दिलं. पाऊण तासात यंत्र कोकलायला लागलं. बॅटरीपाशी अकरा व्होल्ट, यंत्रापाशी जेमतेम दहा. मी घाईनं इंजिन सुरू केलं. धूर अंगणात कोंडला आणि तिला खोकल्याची उबळ आली. घरातली लाइट तर गेलेलीच होती.

मेहुणा दारात उभा. "दाजी, म्हणलं होतं ना मी?"

"तू बोलूच नको! तुझ्यामुळं झालं हे."

"अहो, भांडू नका," बायको धापा टाकत म्हणाली. "चला घरी." तिच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली.

परतल्यावर मी स्वतः मिस्त्रीच्या दारात गेलो. तो म्हणेल ती केबल, नव्या बॅटऱ्या, सगळं घासाघीस न करता आणलं. दिवसभर लोड टाकून बघितलं, व्होल्टेज बाराच्या खाली उतरलं नाही. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला मोठं यंत्र लावलं, भिंतीच्या प्लगवरचं, चोवीस तासांचं.

"ह्याला आठ बॅटऱ्या लागतील, शेठ," मिस्त्री म्हणाला, "अन् तरी दिवस निघायचा न्हाई."

आठ तर आठ, म्हणालो. आत जाऊन बायकोला सांगितलं, महिनाभरात परत नेतो.

"सकाळीच दादाला फोन केल्ता मी," ती म्हणाली. "आता येत न्हाई म्हणून सांगितलं."

"मला न विचारता? अन् तो काय म्हणाला?"

"रडला."

त्याचं रडणं मला खोटं वाटलं. आजही वाटतं. तिला मात्र तेवढं पुरलं असावं. तिनं नळी सारखी केली आणि माझ्याकडं पाठ करून डोळे मिटले.