फळ्यांखालची राख

कुवेतमधल्या वफ्राच्या त्या शेतघराला, खजुरांच्या ऐन मधोमध, पायऱ्या-पायऱ्यांची त्रिकोणी भिंत होती. कुवेती मालक तरुणपणी स्कॉटलंडमध्ये शिकले होते आणि तिथलं घर डोक्यात घेऊनच परतले होते. त्या पायऱ्यांना क्रो-स्टेप म्हणतात आणि चुना-खडी फेकून मारलेल्या खरबरीत गिलाव्याला हार्लिंग, हे पहिल्या भेटीत त्यांनीच मला शिकवलं. पन्नास अंशांच्या उन्हात हे सोंग कशाला, असं मनात आलं. पण आमच्या हवल्लीच्या बांधकाम ऑफिसला काम हवं होतं, म्हणून मी मान डोलावली.

काम विचित्रच होतं. माडीची जमीन लाकडी. तिच्या फळ्या उचलायच्या, खालच्या पोकळीत राख भरायची आणि फळ्या पुन्हा ठोकायच्या. "याला पगिंग म्हणतात. वरचा आवाज खाली येऊ नये म्हणून तिथल्या जुन्या घरांत करतात," ते म्हणाले.

"पण बाबा, वर राहतं कोण?" तिथे सगळेच त्यांना बाबा म्हणत.

"कोणी नाही. बायको गेली तेव्हापासून खोली बंद आहे. पण दुपारी ती चालते. मला आता सहन होत नाही."

म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी माणसं बाहेर जेवत असताना मी खालच्या खोलीत मापं घेत होतो. डोक्यावर पावलं वाजली. खिडकीपर्यंत गेली, थांबली, एक पाय किंचित ओढत परत आली. वर जाऊन बघायची माझी छाती झाली नाही. टेप तिथेच टाकून बाहेर आलो.

"काय झाला सायब? तोंड असा का उतरलाय?" आमच्या रत्नागिरीच्या मुकादमाने विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हणालो.

खजुराच्या झावळ्या जाळून राख केली, वाळूत कालवून भरली. घर एकदम गप्प झालं.

हिवाळ्यात बाबांनी मला परत बोलावलं. म्हणाले, "राख काढा. भीती वाटायची ती परवडली. आता घरात कोणीच नाही." ते रडत होते. माझी प्रत्येक गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागत होती. रडण्याच्या भरात लक्ष नसेल, असं मला वाटलं.

सगळी राख पोत्यांत भरून बाहेर काढली. शेवटची फळी ठोकून माणसं जेवायला गेली. बाबा खालच्या खोलीत खुर्चीवर बसले, नजर छताला. मी शेजारी उभा राहिलो.

पावलं वाजली. खिडकीपर्यंत गेली, थांबली, एक पाय ओढत परत आली आणि बरोबर आमच्या डोक्यावर थबकली. अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, मला आनंदच झाला.

"बाबा!" मी म्हणालो. ते हलले नाहीत. मी ओरडलो, तेव्हा कुठे वळले.

"अजून येत नाही ती," ते म्हणाले. "कुठेतरी राख राहिली असेल. पुन्हा बघता का?"

वर कोणीतरी पाय आपटला. मग आणखी जोरात.