डाक्टर पायी गेलं

मनापासून जेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, जेवून पस्तावणारीही थोडीफार पाहिली. पण ही दोन्ही कामं सारख्याच जोमानं करणारा माणूस आमच्या दाजींखेरीज दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. भोर संस्थानात गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायचं काम त्यांच्याकडे होतं. ते डॉक्टर नव्हते, पण टोचायची सुई, लशीच्या नळ्या आणि डोक्याला फेटा एवढ्या भांडवलावर आंबवड्यापासून पासलीपर्यंत सगळा मुलूख त्यांना डाक्टर म्हणायचा. दिवाळी झाली की ते मैनेवर बसून बाहेर पडत आणि उन्हं तापेपर्यंत फिरत. मैना ही त्यांची घोडी. घोडी म्हणायचं ते मानानं. होतं ते डोंगरी तट्टूच, विटकरी रंगाचं, अंगानं बेताचं. दाजी मात्र कशातच बेताचे नव्हते. ते बसले की पुढे मान, मागे शेपूट आणि मधे सगळे दाजीच दिसायचे.

त्या मुलखात तेव्हा खानावळी नव्हत्या. ज्याच्या घरची पोरं टोचली त्याच्या घरी जेवायचं, हा रिवाज होता, आणि सरकारी माणसाला साधं जेवण वाढणं म्हणजे घराला कमीपणा. तेव्हा दाजींपुढे कुठं कोंबडं यायचं, कुठं गुळवणी आणि पोळ्या, कुठं नव्या आंबेमोहराचा भात आणि त्यावर तुपाची वाटी उपडी केलेली. दाजी जेवायला बसताना नेहमी आधी जाहीर करायचे की आज आपण फार खाणार नाही. आणि ते खरोखर अख्खी भाकरी कधी घेत नसत. "अर्धीच वाढा," म्हणायचे. ती संपली की पुन्हा अर्धी, मग कालवण उरलं म्हणून अर्धी, मग भाकरी उरली म्हणून कालवण. असल्या अर्ध्या भाकरी त्यांनी आयुष्यात किती खाल्ल्या असतील याचा विचारही मला झेपत नाही. एकदा मार्गासनीच्या वरच्या धनगरवाड्यावर म्हैस व्याली होती. तिथं खरवसाचं आख्खं पातेलं समोर आलं, तेव्हा त्यांनी मला शांतपणे समजावलं की खरवस म्हणजे शेवटी दूध, आणि दूध पिण्याला कोणी जेवण म्हणत नाही. मी त्या वेळी मार्गासनीच्या शाळेत मास्तर होतो, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरायचो. त्यांचं म्हणणं खोडून काढायचं मला सुचलं नाही, कारण माझ्याही तोंडात खरवस होता.

पस्तावा यायचा तो हात धुताना. त्याआधी नाही. शेवटच्या घासापर्यंत चेहरा प्रसन्न असायचा. मग चूळ भरायला उठायचे, हातावर पाणी पडायचं आणि त्या पाण्याबरोबर सगळा आनंद धुऊन गेल्यासारखे दाजी एकदम गप्प व्हायचे. ओल्या हातानंच अंगणात मैनेकडे जायचे, तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "चुकलो बाई." हे एवढं मनापासून म्हणायचे की नवख्या माणसाला वाटावं, ह्यांनी त्या मुक्या जनावराचा दाणाच खाल्ला. मग शिक्षा. साधं जेवण जास्त झालं असेल तर गावाची शीव येईपर्यंत घोडीवर बसायचं नाही, लगाम धरून पायी चालायचं. सामिष झालं असेल तर पुढच्या गावापर्यंत पायी. आणि पुरणपोळी झाली असेल तर पायी तर खरंच, शिवाय खोगिराला लटकवलेली औषधांची पडशीही आपल्या खांद्यावर. ही शिक्षा त्यांनी कधी चुकवली नाही. फक्त ती भोगून पुढच्या गावात पोचेपर्यंत त्यांना सडकून भूक लागलेली असायची, आणि तिथंही कोणीतरी चूल पेटवून बसलेलं असायचंच.

दाजी हे सगळं मैनेसाठी करत होते, पण गावांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. डाक्टर पायी गेलं म्हणजे जेवण चांगलं झालं, आणि डाक्टर घोडीवर बसून गेलं म्हणजे त्या घरचं काहीतरी कमी पडलं, अशी एक समजूत बायकांत पसरली. कोणाच्या दारातून दाजी घोडीवर बसून निघाले की शेजारीण कुंपणावरून विचारायची, काय वाढलं होतंस ग? त्या बाईला मग पुढचे दोन-चार दिवस पाणवठ्यावर जायची चोरी. याचा परिणाम असा झाला की दाजी जितके नको म्हणत तितकं ताटात जास्त पडू लागलं. आंबवड्याला एका घरातल्या सुनेनं तर ते उठत असताना पोळी वाढली आणि पदर सावरत सासूच्या आडून सांगितलं, "आमच्या हितनं कुनी घोडीवर बसून गेलेलं न्हाई." दाजी पुन्हा बसले. माणूस मुळातच भिडस्त, आणि पोळी गरम होती.

अशानं व्हायचं ते झालं. एका पावसाळ्यानंतर मैनेची पाठ लागली. खोगिराखाली चांगली मोठी जखम झाली. ती बरी झाली, पण भोरच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यांनी दाजींना बोलावून घेतलं. ते कठोर बोलले नाहीत. घोड्याचा भत्ता घोड्यावर बसायला मिळतो, निम्मा दौरा तुम्ही पायी करता, गावं मागं पडतात. तेव्हा होळीपर्यंत वजन उतरवा, नाहीतर ही घोडी विकून मोठा घोडा घ्या, एवढंच त्यांनी सांगितलं. घोडीला गिऱ्हाईक होतंच. वेल्ह्याच्या रानातून कोळशाची पोती खाली आणणारा एक ठेकेदार तिच्यावर डोळा ठेवून होता. त्याची तट्टं आम्ही रस्त्यात नेहमी पाहत होतो. त्यांच्या पाठीकडे बघवत नसे.

दाजी घरी आले ते अंगणातच बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि अक्का घाबरली, कारण लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भोरच्या बाजारात जाऊन त्यांनी भाताच्या व्यापाऱ्याच्या मोठ्या तागडीत बसून वजन करून घेतलं. बसण्यापूर्वी वहाणा काढल्या, फेटा काढला, कमरेची चंची काढली, आणि एवढं करूनही पलीकडे पोती चढवतच जावी लागली, तेव्हा जोरात श्वास सोडून पाहिला. बाजार खदखदून हसला. दाजी हसले नाहीत. तागडीतून उतरून त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं की माणूस लवकर हलका कसा होतो. त्यानं सांगितलं, "मला ठावं असतं तर म्या असा असतो का?" तोही तसाच गोल होता.

मग उपाय सुरू झाले. कोणी सांगितलं, जेवणापूर्वी तांब्याभर पाणी प्यावं. दाजी दोन तांबे प्यायचे आणि त्यावर नेहमीचं जेवायचे. कोणी सांगितलं, पोटाला उपरणं घट्ट आवळून बसावं. ते उपरणं दुसऱ्या वाढणीला सैल व्हायचं आणि तिसऱ्या वाढणीला ते त्यालाच तोंड पुसायचे. कोणी सांगितलं, एकेक घास पुष्कळ वेळ चावावा. हा उपाय सर्वांत वाईट ठरला, कारण घरधनिणीला वाटायचं की डाक्टर अजून जेवतातच आहेत, आणि ती आपली वाढत राहायची. शेवटी अक्कानं मला निरोप पाठवला की या वर्षी जमेल तेवढं तू त्यांच्याबरोबर जा आणि त्यांच्या ताटावर लक्ष ठेव. मी लक्ष ठेवलं. त्यांच्या ताटात काय काय पडलं हे मी अजूनही सांगू शकेन. पण मास्तर म्हणून वर्गात जो माझा दरारा होता तो त्या बायकांपुढे अजिबात चालत नसे. मी "पुरे" म्हटलं की त्या मलाच वाढायच्या.

असं करत आम्ही पासलीला पोचलो. तिथं दाजींचा मुक्काम एका म्हातारीकडे असायचा. सगळं गाव तिला थोरली आई म्हणायचं. तिनं चुलीवर कोंबडं चढवलं होतं, त्याचा वास आम्हाला वाटेतच लागला होता, आणि दाजींची पावलं वासाबरोबर झपझप पडत होती. पोरं टोचून झाली, पानं मांडली. दाजी पाटावर बसले आणि पुढ्यातल्या ताटाकडे पाहत राहिले. बाहेर मैना खुरानं जमीन उकरत होती. मग ते ताटाला हात न लावता म्हणाले, "आई, म्या हे खाल्लं तर माझी घोडी कोळशाला जातीय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांचं, ठेकेदाराचं, होळीचं. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस असा बोलताना पाहून मला कसंसंच झालं.

म्हातारीनं ताट उचललं, आत नेलं आणि नाचणीची आंबील वाडग्यात घालून आणली. "ही प्या. दुसरं काय मागू नका," म्हणाली. त्या कोंबड्याचं पुढं काय झालं ते मी सांगत नाही. मैनेवर बसणारा मी नव्हतो.

डोंगरात बातमी माणसाच्या आधी पोचते. आठ-पंधरा दिवसांत सगळ्या मुलखाला कळलं की डाक्टरनी खाल्लं तर घोडी कोळशाला जाते, आणि ज्या बायकांनी वर्षानुवर्षं दाजींना अर्ध्या भाकरीच्या नावाखाली टोपली टोपली भरवलं, त्याच आता वाडग्यातून आंबील नाहीतर ताक पुढं करू लागल्या. दाजी सवयीनं म्हणायचे, अर्धीच भाकरी वाढा; आणि खरोखर अर्धीच यायची. पहिल्या वेळी त्यांनी त्या अर्ध्या भाकरीकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. हात धुताना त्यांना आता पस्तावा येत नसे, भूक यायची. पण ते उतरत गेले. बंडी सैल झाली, गालाची हाडं आहेत हे प्रथमच कळलं, आणि मैना चढावर न थांबता चालू लागली.

होळीच्या थोडं आधी राहिलेली पोरं टोचायला आम्ही पुन्हा पासलीला गेलो. थोरल्या आईनं आंबील दिली, दाजी ती प्याले, काम उरकलं आणि निघायच्या वेळी त्यांनी रिकिबीत पाय घातला. त्या दारातून आजवर ते कधी घोडीवर बसून निघाले नव्हते. आजूबाजूच्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. म्हातारी उंबऱ्यात उभी होती, आणि ती हळूच, स्वतःशीच म्हणाली, "माज्या दारातनं बसून चाललं." तक्रार नव्हती. घोडीचा विचार तिनंच आधी केला होता. पण तिचं तोंड उतरलं होतं ते उतरलंच होतं.

दाजींनी रिकिबीतला पाय काढला. लगाम हातात घेतला, दुसरा हात पोटावर ठेवला, आणि "आई ग, लई झालं आज" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं कण्हत ते पायी चालू लागले. पोटात आंबिलीशिवाय काही नव्हतं. मैना सारखी मान वळवून बघत होती की हा माणूस बसत का नाही. मागे कोणीतरी थोरल्या आईला काय वाढलं होतंस म्हणून विचारलं, आणि ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण आवाज खुशीतला होता. वळण गेल्यावर दाजी घोडीवर बसले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "दोन शेतं चालायचं हुतं मास्तर. त्यात काय झिजलो?" तेव्हापासून ते प्रत्येक गावातून तसेच निघत, पहिल्या वळणापर्यंत कण्हत.

मैना राहिली. मोठ्या डॉक्टरांनी तिची पाठ पाहिली, दाजींना पाहिलं आणि विषय तिथंच संपला. ती पुढं बरीच वर्षं दाजींना घेऊन फिरली. संस्थान जायच्या सुमाराला ती गेली, म्हातारपणानं, भोरच्या घरी, अंगणातच. दाजींनी त्यानंतर दुसरं जनावर घेतलं नाही. काही दिवसांनी कामही सोडलं.

त्या वर्षी पाडव्याला मी त्यांच्याकडे जेवायला होतो. अक्कानं पुरणपोळ्या केल्या होत्या. दाजी पहिल्यासारखे जेवले. नव्हे, पहिल्यापेक्षाही जास्त. अर्धी पोळी, पुन्हा अर्धी, आणि मग अर्धी म्हणायचंही सोडून दिलं. ते हात धुवायला उठले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. हातावर पाणी पडलं आणि चेहऱ्यावर काहीच आलं नाही. त्यांनी शांतपणे हात पुसले आणि भिंतीला टेकून बसले. मला ते पाहून फार वाईट वाटलं. मी आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की दाजी, जेवण जरा जास्तच झालं. ते म्हणाले, "झालं तर झालं. आता कुनाला वाहायचंय?"

अक्का ताटं उचलत होती. ती थांबली, पण वळली नाही. म्हणाली, "मला. दुखण्यानं पडलात तर मलाच उचलायचंय."

दाजी बराच वेळ तिच्या पाठीकडे पाहत राहिले. वयानं ती वाकली होती, हे त्यांना त्या दिवशीच दिसलं की काय कोण जाणे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना पस्तावा आला, अगदी तसाच, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ते भिंतीचा आधार घेऊन उठले, वहाणा घातल्या आणि दारात थांबून अक्काला म्हणाले, "नदीपातूर जाऊन येतो." त्या भर दुपारच्या उन्हात ते एकटेच चालत निघाले, आणि अक्का ताटं हातात तशीच धरून दारात उभी राहिली.