बेल वाजलीच नाही

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचाच राग येतो.

जळगावात मेहरूण भागात, एकेकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी एक संकुल आहे. घरं स्वतंत्र, बाथरूममध्ये संकटासाठी एक दोरी. ती ओढली की खाली वॉचमनच्या केबिनमध्ये बेल वाजते. मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास तिथल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अक्का बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी सहाला कामवाली येईपर्यंत त्या फरशीवरच होत्या.

मी तेव्हा तिथला फौजदार. आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "वॉचमन रात्री ढाराढूर झोपतो, त्याला धरा." अक्कांच्या मुलाचीही तीच तक्रार. मी वॉचमनला उचलून आणलं. पन्नाशी उलटलेला, एरंडोलकडचा माणूस.

"सायेब, मी जागाच व्हतू. बेल वाजनीच नही."

संकुलात जाऊन पंचनामा केला. केबिनमध्ये जुना लोखंडी कूलर घरघरत होता. पंचांना नीट ऐकू यावं म्हणून मीच तो बंद करायला लावला. हवालदाराने वर दोरी ओढली, बेल खणखणीत वाजली. 'बेल सुस्थितीत' असं लिहून सह्या घेतल्या. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तासातासाच्या सह्या एकाच दमात केलेल्या दिसल्या. आमच्या गस्तीच्या सह्याही तशाच व्हायच्या, पण त्या दिवशी मला ते सोयीस्करपणे आठवलं नाही.

दुपारभर त्याला फैलावर घेतलं. खोटं बोलणारा माणूस चौथ्यांदा विचारलं की काहीतरी पदरचं घालतो. हा घालत नव्हता, तरी मला पटेना. गुन्हा दाखल झाला असता, तर या वयात त्याला पुन्हा कुणी गेटवर उभं केलं नसतं.

संध्याकाळी अक्कांचा जबाब घ्यायला इस्पितळात गेलो. आवाज क्षीण, पण बाई ठाम.

"दोरी मी चार डाव वढी. पन तो झोपनारा माणूस नही. तुम्ही रातले तठे बसी पाह्यं का?"

नव्हतं पाहिलं. मनातून चिडलो, पण त्याच रात्री वॉचमनला घेऊन केबिनमध्ये जाऊन बसलो. भिंती अजून तापलेल्या, कूलर पूर्ण जोरात. हवालदाराला दोरी ओढायला वर पाठवलं. बराच वेळ गेला. हाच झोपला की काय म्हणून तरातरा वर गेलो, तर तो दोरी धरून घामाघूम उभा.

"साहेब, दहा वेळा ओढली."

बेल माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. मी कान लावून बसलो होतो आणि मला ती ऐकू आली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली येऊन वॉचमनला विचारलं, "कूलरचं आधी का नाही बोललास?"

"जी बेल ऐकूच नही उनी सायेब, तिनं माले काय माहीत?"

दुसरा पंचनामा केला, कूलर चालू ठेवून. पहिल्यातली चूक माझी, हेही लिहिलं. वरिष्ठांनी खुलासा मागितला, दिला. गेटवर मोठा भोंगा आणि लाल दिवा बसेपर्यंत व्यवस्थापनाच्या दारात खेपा घातल्या. रोज रात्री दहाला, सगळे कूलर चालू असताना, एका घरातून दोरी ओढायची असा नियम करून घेतला. रात्रीची सोय रात्रीच तपासावी, हे एवढी वर्षं वर्दी घालूनही मला एका अंथरुणाला खिळलेल्या बाईने शिकवलं.

दुसऱ्या पंचनाम्यानंतर वॉचमनला ठाण्यातून घरी पाठवताना मी त्याची माफी मागितली होती.

"ते ऱ्हाऊ द्या, सायेब," तो म्हणाला. "अक्का माले चार डाव बलावत व्हती, आन मी तठेच बशेल व्हतू."

आणि निर्दोष सुटलेला तो माणूस ठाण्याच्या पायरीवर बसून रडू लागला.